कडू दूध आणि खुब्याचं हाड

खुब्याचा आजार झालेला माणूस माझ्याकडे बहुतेक वेळा गुडघा धरून येतो. त्यात त्याचा दोष नाही. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या काही नसा एकच आहेत, त्यामुळे कळ जांघेत सुरू होते आणि मांडीच्या आतल्या अंगाने उतरत गुडघ्यात जाणवते. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो निर्दोष येतो आणि मलम, शेक, वेदनाशामक गोळ्या यांत दोन-तीन महिने सहज निघून जातात. या आजारात उपचाराला सगळ्यात जास्त वाव असतो तो नेमका याच महिन्यांत.

म्हणून तिशी-चाळिशीतला कोणी गुडघा दाखवू लागला आणि गुडघ्यावर सूज नसेल, तर मी त्याला टेबलावर उताणं झोपवते, गुडघा दुमडून मांडी पोटाकडे आणते आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला वळवते. या हालचालीने खुबा आत फिरतो. तेवढ्याने चेहरा आक्रसला, की गुडघ्याचा विषय तिथेच संपतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मांडी घालून बसता येतं का? पंगतीत बसणं, पूजेला बसणं, मोटारसायकलवर टांग टाकणं या गोष्टी कधी बंद झाल्या, ते रुग्णाला महिन्यासकट आठवतं. त्यानंतर मी स्टिरॉइड, दारू, जुना अपघात, सिकलसेल यांची चौकशी करते आणि दोन्ही खुब्यांचा एमआरआय करायला सांगते. वैद्यबाई नाडी बघायची सोडून एमआरआय मागतात याचं काही जणांना आश्चर्य वाटतं, काहींना वाईटही वाटतं. नाडी मी पाहतेच. पण हाडाचा किती भाग मेला आहे आणि तो वजन पेलणाऱ्या जागी आहे की बाजूला, हे नाडीवरून कळत नाही.

आजाराचं नाव अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. दवाखान्यात सगळे एव्हीएन म्हणतात आणि रुग्ण म्हणतात, ‘बॉल सुकलाय’. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल आहे आणि ते कटीच्या खोबणीत बसतं. सुश्रुतांनी सांध्यांचे आठ प्रकार सांगितले, त्यात हा सांधा उखळीच्या जातीचा, म्हणजे ‘उलूखल’ संधी ठरवला. या गोळ्याचा रक्तपुरवठा मोठा नाजूक. मांडीच्या एका धमनीच्या बारीक फांद्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात आणि मुख्यत्वे त्यांच्यावरच गोळा जगतो. मानेचं हाड मोडलं किंवा खुबा निखळला, तर या फांद्या तुटतात. स्टिरॉइड आणि दारू यांचं काम छुपं असतं. हाडाच्या आतल्या मज्जेत चरबीच्या पेशी फुगतात, चहूबाजूंनी बंद असलेल्या त्या जागेत दाब वाढतो, सूक्ष्म वाहिन्यांमध्ये अडथळे येतात आणि रक्त पोचत नाही.

मेलेलं हाड लगेच कोसळत नाही, ही गोष्ट रुग्णालाच काय, पुष्कळ डॉक्टरांनाही नीट ठाऊक नसते. ते काही काळ जसंच्या तसं उभं राहतं, एक्स-रेमध्ये साफ दिसतं. कोसळण्याचा धोका शरीर दुरुस्ती करायला घेतं तेव्हा वाढतो. भोवतालच्या जिवंत हाडातून पेशी आत शिरतात आणि मेलेला भाग पोखरून काढू लागतात. नवं हाड मात्र त्या वेगाने भरत नाही. या मधल्या काळात गोळा आतून कमकुवत असतो आणि माणूस त्याच्यावर चालत असतो. कूर्चेच्या खाली बारीक भेग पडते, एक्स-रेवर ती चंद्रकोरीसारखी दिसते, आणि मग गोळा चपटा होतो. चपटा गोळा खोबणीत घासतो आणि सांधा झिजतो. फ्रेंच डॉक्टर फिका आणि आर्ले यांच्या नावाने ओळखली जाणारी चार पायऱ्यांची वर्गवारी हाच प्रवास सांगते. पहिल्या पायरीवर फक्त एमआरआय बोलतो, दुसऱ्या पायरीवर एक्स-रेत डाग आणि पोकळ्या दिसतात, तिसरीत चंद्रकोर आणि पडझड, चौथीत झिजलेला सांधा. आयुर्वेदाने काय करता येईल, हे यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमधल्या रेषेवर ठरतं. मी ज्या उपचारांबद्दल पुढे लिहिणार आहे, त्यांचं खरं क्षेत्र त्या रेषेच्या अलीकडे आहे.

कोविडनंतर हा आजार घराघरांत माहीत झाला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडच्या उपचारात त्यांना मिळालेलं प्रेडनिसोलोन सरासरी ७५८ मिलिग्रॅम होतं आणि कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत खुबा दुखू लागला होता. त्याआधीचा समज असा होता की साधारण २००० मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा गेल्यावर आणि सहा महिने ते वर्षभराने हा आजार डोकं वर काढतो. त्या काळात स्टिरॉइडनी असंख्य जीव वाचवले, तेव्हा डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्यांना ती मिळाली, त्यांच्या जांघेतल्या दुखण्याकडे कोणी ‘कोविडनंतरचा अशक्तपणा’ म्हणून काणाडोळा करू नये. जिममधल्या मुलांनी घेतलेली स्नायू वाढवणारी स्टिरॉइडं वेगळ्या जातीची. हाडाच्या या मृत्यूशी थेट संबंध आहे तो प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन या कुळाचा.

मी विदर्भात काम करते, त्यामुळे आणखी एक कारण मला नेहमी दिसतं, ते म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, तिकडे खानदेशात नंदुरबार या पट्ट्यांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि विशीतल्या मुलामुलींचे खुबे जातात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि २०४७ हे तिचं लक्ष्यवर्ष ठरलं. त्या मोहिमेत रक्ताची तपासणी होते, ती हवीच. तपासणीच्या टेबलाशेजारी मुलाला जमिनीवर मांडी घालून बसायला सांगितलं, तर बरेच खुबेही वेळेत सापडतील.

आता आमच्या शास्त्राकडे येते. संहितांमध्ये या आजाराला स्वतंत्र नाव नाही. कुठल्याही नव्या आजारावर जुना श्लोक चिकटवण्याची हौस आमच्यात पुष्कळ आहे, पण तिने रुग्णाचं काही भलं होत नाही. वैद्य मंडळी एव्हीएनला सर्वसाधारणपणे ‘अस्थिमज्जागत वात’ या सदरात घालतात आणि त्याला आधार आहे. चरकांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात त्याची जी लक्षणं दिली आहेत, त्यांत हाडं आणि पेरं फुटल्यासारखी वेदना, सांध्यातला शूळ, मांस आणि बळ घटणं, झोप न लागणं आणि न थांबणारा ठणका येतो. मी प्रत्येक भेटीत दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजते. दुखऱ्या बाजूची मांडी बारीक झालेली असते. रात्रीचा ठणका तर रुग्णाच्या बायकोला किंवा आईला विचारावा. रुग्ण आधी कबूल करत नाही.

खरा प्रश्न नावाचा नाही, वात का बिघडला हा आहे. त्याच अध्यायात चरक सांगतात की वात दोन वाटांनी कोपतो: धातूंचा क्षय झाल्याने किंवा त्याचा मार्ग अडल्याने. या एका भेदावर माझी सगळी चिकित्सा उभी आहे. दारू पिणारा, पोट सुटलेला, रक्तात चरबी वाढलेला चाळिशीतला माणूस आणि सिकलसेलची हडकुळी मुलगी या दोघांच्या एमआरआयवर एकच शब्द लिहिलेला असतो. पहिल्यात मार्ग अडलेला आहे, मेद आणि कफ यांनी. दुसरीत अडथळा रक्ताचा आहेच, पण धातूही क्षीण आहेत. पहिल्याला आल्या दिवशी तूप-दूध आणि हाडांच्या पुष्टीच्या गोळ्या सुरू करणं म्हणजे अडथळ्यात भर घालणं. तरीही तसंच सर्रास केलं जातं, कारण ‘हाड’ म्हटलं की ‘पोषण’ हा शब्द वैद्याच्या आणि रुग्णाच्या तोंडी एकदमच येतो. अशा माणसाला मी आधी हलका आहार, चूर्णाने कोरडं उटणं, त्रिफळा-गुग्गुळासारखे मेद कमी करणारे कल्प आणि प्रकृती पाहून विरेचन देते. दारू बंद ही अट असते, सल्ला नव्हे. ती अट न पाळणाऱ्याला मी पुढचे उपचार देत नाही. त्याचा पैसा आणि माझे कष्ट दोन्ही वाया जातात. सिकलसेलच्या मुलीला यातलं जवळपास काहीच चालत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की तिच्या पेशी आणखी विळ्यासारख्या वळतात, त्यामुळे लंघन, विरेचन, रक्तमोक्षण हे शब्द तिच्या कागदावर येताच कामा नयेत. तिचा रक्तविकारतज्ज्ञ जी औषधं देतो ती चालू ठेवूनच आम्ही काम करतो.

चरकांनी अस्थिवह स्रोतसाचं मूळ मेद आणि जघन, म्हणजे कटीचा प्रदेश, असं सांगितलं आहे. हाडाकडे जाणारी वाट चरबीपासून निघते! मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगून हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, हे आधुनिक शास्त्राने सांगितल्यावर या वाक्याशी त्याची जोडी लावण्याचा मोह मलाही होतो. वर्गात शिकवताना मी ती लावते, पण लगेच सांगते की चरकांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता आणि त्यांच्या ‘मेद’ या संकल्पनेचा पसारा वेगळा आहे. साम्य विचाराला चालना देतं. त्याला पुरावा म्हणू नये.

मार्ग मोकळा झाला की गाभ्याच्या उपचाराकडे जाता येतं आणि इथे आयुर्वेदातला एक सुंदर पेच समोर येतो. वाग्भटांनी दोष आणि धातू यांचं घरमालक-भाडेकरूसारखं नातं सांगितलं. पित्त रक्तात आणि घामात राहतं, कफ बहुतेक धातूंत, आणि वात हाडांत. पहिल्या दोघांत दोष वाढला की त्याचं घरही वाढतं. वात आणि हाड यांचं मात्र उलटं. वात वाढला की हाड घटतं. मग वात कमी करायचा तर गोड, आंबट, खारट, स्निग्ध द्यायला हवं. कडू रस तर वात वाढवणारा. असं असताना चरक सूत्रस्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हाडांच्या विकारांसाठी पंचकर्म, विशेषतः बस्ती, आणि कडू द्रव्यांनी सिद्ध केलेलं दूध आणि तूप सांगतात. कडूच का?

विद्यार्थी असताना हा प्रश्न मला फार छळायचा. अष्टांगहृदयाचे टीकाकार अरुणदत्त यांनी त्याची उकल केली आहे. जे द्रव्य स्निग्धही आहे आणि शोषण करून खरपणाही आणतं, ते हाड वाढवतं, असा त्यांचा आशय. पण एकाच द्रव्यात स्निग्धता आणि शोषण सहसा सापडत नाही. म्हणून दोन द्रव्यं एकत्र आणायची: दूध-तूप स्निग्धता देतं, कडू वनस्पती शोषण करून काठिण्य आणते. दुधाने वात आटोक्यात राहतो, कडू रस हाडाच्या ओळखीचा असल्याने औषध तिथे पोचतं. नुसतं दूध दिलं तर मेद वाढेल, नुसता कडू काढा दिला तर वात भडकेल. हाड नुसतं भरलेलं असून चालत नाही, ते कठीण असावं लागतं; चुना भरपूर पण ठिसूळ अशा हाडाचा उपयोग नाही. या विचाराचा प्रयोगशाळेतला पुरावा अजून तुटपुंजा आहे. पण औषधयोजनेचं तर्कशास्त्र म्हणून हा आमच्या परंपरेतला अतिशय देखणा भाग आहे असं माझं मत आहे.

व्यवहारात ही योजना म्हणजे पंचतिक्त क्षीर बस्ती. पंचतिक्त म्हणजे गुळवेल, कडुनिंब, अडुळसा, कडू पडवळ आणि रिंगणी. क्षीरपाकाचं शास्त्रोक्त प्रमाण असं की भरड एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. मंद आचेवर आटवत आटवत पाणी उडालं पाहिजे आणि दूध उरलं पाहिजे. आमच्या पंचकर्म कक्षातल्या मावशी वासावरून सांगतात की झालं आता. मग खलात आधी मध, त्यात सैंधव, त्यात थेंबाथेंबाने औषधी तूप, मग बाळंतशोपेचा कल्क आणि शेवटी कोमट कडू दूध. हा क्रम मोडला की तूप वेगळं तरंगतं. नीट जमलं तर सगळं एकजीव, किंचित दाट, फिकट हिरवट दिसतं. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून हे गुदमार्गे देतात. काढ्याचा बस्ती आधीचं अन्न पचल्यावर, तेला-तुपाचा अनुवासन बस्ती जेवणानंतर, असे आलटूनपालटून. योगबस्तीत आठ, कालबस्तीत सोळा, कर्मबस्तीत तीस अशी संख्या ग्रंथांत आहे. एव्हीएनमध्ये मी बहुधा कालबस्ती देते आणि काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा करते.

औषध गुदमार्गे कशाला, हा प्रश्न सगळे विचारतात, न विचारणारेही मनात धरून असतात. पक्वाशय, म्हणजे ढोबळमानाने मोठं आतडं, हे वाताचं मुख्य स्थान. तिथे वात जिंकला की इतरत्रचा वात नमतो, ही आमची भूमिका. काही टीकाकारांनी तर पुरीषधरा कला आणि अस्थिधरा कला एकच मानली आहे, म्हणजे आतड्याच्या आणि हाडाच्या आवरणाचं थेट नातं जोडलं. अलीकडे आतड्यातले जीवाणू आणि हाडांची घनता यांच्या संबंधावर जगभर बरंच संशोधन होत आहे. त्याचा हवाला देऊन ‘आमच्या ऋषींना हे आधीच माहीत होतं’ असं म्हणणारे सहकारी मला भेटतात. मी त्यांना विचारते, मग बस्तीआधी आणि बस्तीनंतर काय बदललं हे आपण मोजलं का?

पोटातून द्यायच्या औषधांत पंचतिक्तघृत गुग्गुळ, लाक्षादि गुग्गुळ, अर्जुनसादडा, हाडसांधी म्हणजे कांडवेल, अश्वगंधा ही नेहमीची. लाक्षादीतली लाख ही तर गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलातली, पळसावर वाढणारी; मोडलेल्या हाडासाठी तिचा वापर जुना आहे. या नावांची यादी वाचून कोणी दुकानातून डबे आणू नयेत. याला ठोस कारण आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी, असं म्हटलं. वाद कोणीही जिंको. एव्हीएनच्या रुग्णांत दारू पिणारे पुष्कळ असतात, त्यांचं यकृत आधीच थकलेलं असतं. मी उपचाराआधी आणि मध्ये यकृताची रक्ततपासणी करते आणि वनस्पती ओळखून घेते. गुग्गुळाचं झाड आज अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आहे, त्यामुळे बाजारातला स्वस्त गुग्गुळ काय असेल याची कल्पना करावी.

त्याहून भयंकर प्रकार आहे तो सांधेदुखीच्या पुड्यांचा. आठवडी बाजारात, गावच्या जत्रेत, आता मोबाइलवरही ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या. पहिल्या पुडीतच दुखणं निम्मं, तिसऱ्या दिवशी भूक वाढलेली, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल सुजट. हे स्टिरॉइडचं काम आहे, जडीबुटीचं नाही. ही एकट्या भारतातली गोष्ट नाही. ‘आर्ट्री किंग’ नावाच्या तथाकथित वनौषधी गोळ्यांत डेक्सामेथासोन आणि डायक्लोफिनॅक सापडल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये इशारे दिले होते. म्हणजे सांधेदुखीसाठी आयुर्वेदिक समजून घेतलेलं औषधच खुब्याचं हाड मारू शकतं आणि तो माणूस पुन्हा त्याच हाडासाठी आयुर्वेदाकडे येतो. अशी पुडी वर्षानुवर्षं घेतलेल्याने ती एका दिवसात बंदही करू नये; शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते आणि रक्तदाब कोसळू शकतो. फिजिशियनच्या देखरेखीखालीच ती उतरवावी लागते.

आता पुराव्याबद्दल. एव्हीएनवर आयुर्वेदिक उपचारांचे लेख जामनगरहून निघणाऱ्या ‘आयु’ या नियतकालिकात आणि इतरत्रही आले आहेत. त्यातले बहुतेक एकेका रुग्णाचे अहवाल किंवा छोट्या गटांचे अभ्यास आहेत. वेदना कमी झाली, चालणं सुधारलं, काहींत एमआरआयवर मज्जेची सूज उतरली, असं त्यांत दिसतं. माझाही अनुभव त्याच्या जवळ जाणारा आहे. पण मेलेला भाग लहान असेल आणि वजनाच्या रेषेपासून दूर असेल, तर असे काही खुबे उपचाराशिवायही वर्षानुवर्षं टिकतात. सूज आपोआपही उतरते आणि सूज उतरली की वेदना जाते. तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासात हे श्रेय कोणाचं, ते ठरवता येत नाही. म्हणून ‘बस्तीने हाड जिवंत झालं’ असं वाक्य मी लिहीत नाही. ‘दुखणं कमी झालं, हालचाल वाढली आणि दोन वर्षांच्या एक्स-रेत गोळा कोसळलेला नाही’ असं लिहिते, तेही असेल तेव्हाच. मोजमापात मी खुब्याचा हॅरिस गुणांक, हालचालीचे अंश, मांडीचा घेर आणि एकाच पद्धतीने काढलेले एक्स-रे ठेवते. यांत गुडघे दुमडून मांड्या बाहेर पसरून काढलेला एक एक्स-रे हवाच. चंद्रकोर समोरून काढलेल्या फिल्ममध्ये लपते आणि याच्यात सापडते.

रस्त्यावरच्या ‘ऑपरेशनशिवाय एव्हीएन हमखास बरा’ या फलकांनी आमच्या व्यवसायाची जेवढी हानी केली आहे, तेवढी कुठल्याही टीकाकाराने केलेली नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर मी आत्मविश्वासाने रुग्ण हाती घेते, आणि तेव्हाही त्याला अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवते. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करायची छोटी शस्त्रक्रिया, कोअर डीकम्प्रेशन, योग्य रुग्णात चांगलं काम करते. मार्गातला अडथळा शस्त्राने काढणं आयुर्वेदाला निषिद्ध कधीपासून झालं? अशी शस्त्रक्रिया झालेल्यांना जखम भरल्यावर बस्ती देणं मला सगळ्यात समाधानाचं वाटतं. चंद्रकोर दिसू लागली की मी मुदत घालून घेते, तीन महिने, आणि तेवढ्यात फरक नाही पडला तर थांबते. गोळा चपटा होऊन सांधा झिजला असेल, तर खुबा बदलणं हाच उपाय. जॉन चार्नली यांनी साठच्या दशकात इंग्लंडमध्ये रुळवलेली ही शस्त्रक्रिया आज आपल्या जिल्ह्यांच्या गावीही होते. चौथ्या पायरीवरच्या तरुणाला वर्षभर तेल चोळत बसवणं हे मी व्यवसायातलं पाप समजते. त्या वर्षात त्याची मांडी सुकते, कंबर बिघडते आणि पुढच्या ऑपरेशनचा निकाल घसरतो.

एका गोष्टीत सगळी शास्त्रं एकमताने बोलतात आणि तीच सगळ्यात कमी पाळली जाते: भार. एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. सुश्रुतांनी मांडी किंवा पोटरीचं हाड मोडलेल्याला फळीवर झोपवून पाच जागी खुंट्या मारून बांधायला सांगितलं, त्याला कपाटशयन म्हणतात. हाड भरेपर्यंत त्याच्यावर भार नको आणि ते हलायला नको, एवढा साधा विचार. एव्हीएनमध्ये फळी लागत नाही, काठी लागते. ती दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरायची. नव्वद टक्के लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. तरुणांना काठीची लाज वाटते. त्यांना मी सांगते, ही वर्षभराची काठी आहे, ती टाळलीत तर पुढे वॉकर आहे. उकिडवं बसणं, मांडी घालणं, ओझं उचलणं, धावणं, जिना धडाधड उतरणं बंद. घरात भारतीय शौचकूप असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते, ती औषधाच्या आधी आणावी. वाढलेलं वजन उतरवावं. पोहणं किंवा खाटेवर पडून करायचे मांडीचे व्यायाम चालतात, आणि करावेतच, कारण मांडीचे स्नायू टिकले तर सांध्याला आधार राहतो. आहारात दूध, तूप पचनशक्तीप्रमाणे, नाचणी, तीळ, उडीद, मूग, हिरव्या भाज्या, कारलं-मेथीसारखा थोडा कडू रस. तंबाखू बंद.

तुमच्या घरात कोणी स्टिरॉइडचे उपचार घेतलेले असतील, मग ते कोविडसाठी असोत, दम्यासाठी, त्वचेच्या की मूत्रपिंडाच्या आजारासाठी, कोणी नियमित दारू पीत असेल, कोणाला सिकलसेल असेल किंवा कोणाचा खुबा अपघातात निखळलेला असेल, आणि त्यांना जांघेत किंवा गुडघ्यात दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, मांडी घालताना अडकत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला म्हणून थांबू नका. दोन्ही खुब्यांचा एमआरआय करून घ्या. एकीकडे दुखत असलं तरी दुसरी बाजूही अनेकदा बाधित असते, आणि ती अजून दुखत नसते. मग तो एमआरआय घेऊन अस्थिशल्यतज्ज्ञाकडेही जा आणि वैद्याकडेही. जो वैद्य फिल्म न बघताच बरं करायची हमी देईल, त्याच्याकडून उठून या.